हॉलमधला किरणोत्सव

घराला रंग द्यायचं ठरलं की आपल्या घराला भिंती आहेत, याचा माणसाला शोध लागतो. एरवी भिंत म्हणजे कॅलेंडर, घड्याळ, वास्तुशांतीला आहेर आलेले राधाकृष्ण आणि स्विचबोर्ड यांच्यामध्ये उरलेली जागा. हे सगळं उतरवलं, कपाट पुढं ओढलं, की मागून जे काही उघडं पडतं त्याच्याकडं बघून घरातली माणसं थोडा वेळ बोलत नाहीत. कुठं पोपडे, कुठं लोणा, कुठं छतापासून निघून स्विचबोर्डात शिरलेली भेग. आणि मधोमध, संसाराला लागलेल्या कुठल्याही प्रामाणिक गृहस्थासारखं, भिंतीनं काढलेलं पोट.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत हे पोट जरा जास्त सुटतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागातली जुनी घरं म्हणजे काळा दगड, पांढरी माती, लाकडी खांब आणि वर चुन्याचा गिलावा असं एकत्र कुटुंब. पुढं त्यात प्रत्येक पिढीनं आपली अक्कल घातली. आजोबांनी मातीची भिंत बांधली, वडिलांनी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, मुलानं त्यातून पाइप आणि वायरी नेल्या, आणि नातवानं एसीसाठी भोक पाडलं. मातीला अंगातली ओल बाहेर सोडायची सवय असते. सिमेंटनं तिची वाट अडवली की ती मिळेल तिथून बाहेर पडते, आणि मिळेल ती जागा बहुधा पाहुणे बसतात त्यांच्या समोरचीच असते.

अशा खोलीत ओळंबा सोडला तर ओळंबाच वाकडा दिसतो. कोपऱ्याला गुण्या लावला तर गवंडी गुण्या उलटा करून बघतो, मग चुलतभावाचा मागवतो. नदीकाठच्या भागात मात्र एक सोय आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ती पार मागं टाकून पाणी माणसांच्या दिवाणखान्यात आलं, आणि उतरताना भिंतीवर गढूळ रेघ ठेवून गेलं. त्या दिवसांत गाळ उपसून दमलेल्या एका गृहस्थानं मला ती रेघ दाखवली होती. म्हणाला, "घर बांधल्यापासनं ह्या भिंतीवरची एकच गोष्ट लेव्हलमध्ये हाय. ही." खरंच होतं. त्या रेघेच्या हिशेबानं खिडकी एका अंगाला कलली होती, फरशीची पट्टी दुसऱ्या, आणि देवघराची फळी तिसऱ्याच मताची निघाली.

माझा एक भाचा इंग्लंडात लीड्सला असतो. तिथं त्यानं लाल विटांचं, शंभरी ओलांडलेलं घर घेतलं आणि आमच्या रंगकामाची बातमी लागताच व्हिडिओ कॉलवर आला. त्याच्या मागची भिंत इतकी सपाट होती की आधी मला तो ऑफिसातून बोलतोय असं वाटलं. "मामा, पुट्टीबिट्टीच्या नादाला लागू नका. लायनिंग पेपर लावा."

हा लायनिंग पेपर म्हणजे भिंतीचं अस्तर. जाडसर कोरा कागद, ना फूल ना वेलबुट्टी. भिंतीला बारीक भेगा, खड्डे, जुन्या डागडुजीचे व्रण असले की साहेब तिला पूर्ण सोलत बसत नाही. मोठे खड्डे बुजवतो, भिंत धुतो आणि तिच्यावर हा कागद चिकटवून रंग मारतो. कागदाला नंबर असतात. ८०० नंबरचा पातळ, पुढं १०००, १२००, १४००, १७०० असं वाढत २००० पर्यंत जाडी जाते. भिंतीचं चारित्र्य जितकं वाईट तितका नंबर मोठा. कागदाला खळ लावायची, तो घडी घालून काही मिनिटं मुरू द्यायचा, मग भिंतीवर धरून मधून कडेला ब्रश फिरवत हवा काढायची. दोन पट्ट्या एकमेकींना नुसत्या टेकवायच्या, एकीवर दुसरी चढवायची नाही. नंतर वॉलपेपर लावायचा असेल तर हे अस्तर आडवं, नुसता रंग द्यायचा असेल तर उभं. आडवं का, तर खालचे जोड आणि वरचे जोड एकावर एक येऊ नयेत म्हणून. एवढा विचार आपल्याकडं फक्त लग्नाच्या पंगतीत कुणाशेजारी कुणाला बसवायचं यावर होतो.

भाच्यानं या कागदाचा आणखी एक किस्सा सांगितला, तो मला फार आवडला. १७१२ मध्ये इंग्लंडच्या सरकारनं भिंतीच्या कागदावर कर बसवला. पण कायद्यात म्हटलं होतं छापलेला, रंगवलेला किंवा नक्षी काढलेला कागद. लोकांनी काय करावं? कोरा कागद विकत आणून भिंतीला चिकटवला आणि मग भिंतीवरच त्याच्यावर नक्षी काढून घेतली. कर १८३६ पर्यंत चालू होता, म्हणजे सव्वाशे वर्षं हा खेळ रंगला असणार. दीडशे वर्षं ज्यांनी आपल्याला कायदा शिकवला, त्यांच्याबद्दल मला प्रथमच घरचं माणूस असल्यासारखी आपुलकी वाटली.

हे सगळं मी आमच्या पेंटरना सांगितलं. ते भिंतीवर बोटाची गाठ वाजवत पोकळ आवाज शोधत होते. "भिताडाला कागुद?" त्यांनी मान न वळवताच विचारलं. "मग रंग कशाला मारताय? त्याच्यावरच पत्रिका छापून घ्या की."

मग त्यांनी जे सांगितलं त्यात तथ्य होतं. लीड्सच्या घरात हिवाळाभर हीटर चालतो, भिंत आतून कोरडी राहते. आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंत हवेतलं पाणी पिते, आणि ओल्या भिंतीवरचा कागद आधी फुगतो, मग सुटतो, मग त्याच्या मागं बुरशी धरते. शिवाय कागद आणि खळ हे दोन पदार्थ एकत्र म्हणजे कसर आणि वाळवी यांना सणाचं ताट. राजारामपुरीत वॉलपेपर विकणारी दुकानं आहेत, तो लावणारी घरंही आहेत. जुलैत त्यांच्याकडं चहाला गेलात तर यजमान बोलता बोलता एका हातानं जोड दाबत असतात. बघून न बघितल्यासारखं करावं.

भिंतीला कागद कसा चिकटवावा हे मात्र कोल्हापूरला लीड्सनं शिकवायला नको. या गावात कुस्तीचं मैदान, तमाशाचा फड, सिनेमा आणि निवडणूक या चारही उद्योगांची जाहिरात पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर झाली. पोस्टर लावणारा माणूस सायकलीला बादली अडकवून पहाटे निघायचा. बादलीत मैद्याची खळ, तीत थोडं मोरचूद, कसरीचा बंदोबस्त म्हणून. कुंचा भिंतीवर एकदा, पोस्टर धरलं, वरून पुन्हा एकदा. मधून कडेला हात, हवा बाहेर. लायनिंग पेपरच्या पुस्तकात असलेलं सगळं त्याच्या हातात होतं, फक्त भिंत दुसऱ्याची असायची. कुठल्याकुठल्या भिंतींवर पोस्टरवर पोस्टर चढून इतका जाड थर बसला होता की आतली वीट पडली असती तरी भिंत उभी राहिली असती. १९९५ साली मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात कायदा झाला. त्यानंतर पोस्टरं कमी झाली की फ्लेक्स स्वस्त झाले म्हणून कमी झाली, हे ज्यानं त्यानं आपल्या वॉर्डात बघून ठरवावं.

घराच्या आतही कागद होताच. फळ्यांना, ट्रंकांना, कोनाड्यांना आणि पत्र्याच्या खोल्यांत तर भिंतींनाही वर्तमानपत्र लावायची पद्धत होती. कोल्हापुरात ते बहुधा 'पुढारी'च असायचं, कारण तो गावचाच पेपर. या अस्तरानं भिंत किती सपाट झाली सांगता येत नाही, पण वाचनसंस्कृती नक्की वाढली. हळदीचा डबा काढायला गेलेली बाई दहा मिनिटं परत यायची नाही. आतून आवाज यायचा, "अहो, ह्या खासबागेतल्या कुस्तीत शेवटी जिंकलं कोण?" जिंकणाऱ्याचं नाव नेमकं कोपऱ्याच्या घडीत गेलेलं असे. तेलाच्या किटलीखाली गोल डाग, डागाखाली एखाद्या मंत्र्याचा अर्धा चेहरा, आणि तो मंत्री पद गेल्यावरही आमच्या फळीवर दहा वर्षं टिकून राही.

पण आपण पुट्टीकडं वळू. कारण भाच्याचा कागद नाकारल्यावर आमच्या पेंटरनी जो मार्ग दाखवला तो तोच होता, आणि त्यांच्या बोलण्यावरून जगात दुसरा मार्ग नाही. दोन हात पुट्टी, एक हात प्रायमर, दोन हात रंग. भिंत ओली करायची, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्यात कालवायची, पत्र्याच्या पट्टीनं खालून वर ओढायची. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवावी लागते. त्यातला अर्धा तास चहात जातो, आणि उरलेली पुट्टी बादलीत दगड होऊन पुढं पाच वर्षं दाराला टेकण म्हणून कामाला येते. एका हाताला साधारण दीड मिलिमीटर आणि सगळे हात मिळून तीन मिलिमीटरच्या वर चढवू नये, असा पुट्टीचा नियम आहे. त्यापुढचा खड्डा गिलाव्यानं भरायचा. मी हा नियम वाचून दाखवला. पेंटरनी भिंतीतल्या एका खळग्यात करंगळी घातली, ती दिसेनाशी झाली. "कंपनीला म्हणावं, एकदा भिंत बघून जा. ही भिंत न्हाई सर, पन्हाळ्याचा घाट हाय."

पुट्टी वाळली की ती घासतात. पॉलिश पेपर घेऊन दोन पोरं भिंतीला भिडतात आणि त्या दिवशी घरात काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. तासाभरात घरातलं प्रत्येक माणूस साठीचं दिसायला लागतं. भुवया पांढऱ्या, केस पांढरे. शाळेतून आलेलं पोरगं आईला आजी समजून खाऊ मागतं. दारं लावा, फटींना ओले टॉवेल लावा, पुट्टीची धूळ बंद फ्रिजमध्ये, बंद डब्यात, बंद पाकिटात सापडते. भिंतीच्या अंगावर चढवलेल्या पिशव्यांपैकी निम्मी पिशवी तरी भिंतीनं परत केलेली असते आणि ती आपण पुढचा महिनाभर भाकरीबरोबर खातो.

एक प्रश्न मला या धुळीत बसून पडला. आपल्या आजीला भिंत सपाट नाही याचं कधी काही वाटलं होतं का? तिच्या काळी दसऱ्याच्या आधी कळीचा चुना पिंपात भिजायचा, खदखदून शांत झाला की त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ, आणि काथ्याच्या कुंच्यानं सगळ्या घराला एकच सफेती. तीत बारीक भेगा आपोआप बुजायच्या. दरवर्षीचा थर आदल्या वर्षीच्या थरावर बसायचा, म्हणजे एका परीनं भिंतीला दरसाल अस्तरच लागायचं. भिंतीला टेकून बसलेला पाहुणा उठताना थोडी भिंत पाठीवर घेऊन जायचा एवढाच तोटा. चुन्याला चमक नसते. त्याच्यावर पडलेला उजेड चहूकडं पसरतो, त्यामुळं उंचवटा आणि खळगा दोघेही सारखेच पांढरे दिसतात.

मग डिस्टेंपर आलं, मग प्लॅस्टिक पेंट, मग रेशमासारखी झाक असलेले महागडे रंग. आणि इथं खरी फसगत झाली. रंगाला जितकी चमक जास्त तितकी भिंत उघडी पडते. चकाकणाऱ्या पृष्ठभागावर उजेड एका दिशेला परततो, आणि जिथं भिंत थोडी वळली तिथं तोही वळतो; झालं, सावली पडली. म्हणजे ज्यानं चुन्यावर भागवलं त्याची भिंत गावाला सरळ वाटली, आणि ज्यानं कर्ज काढून साटीन फिनिश मारलं त्याच्या भिंतीतली प्रत्येक गाठ समोरच्या फ्लॅटमधून मोजता येते. वर आता पीओपीच्या छताच्या कडेला लपवलेली एलईडीची पट्टी. ज्या पीओपीवर गणपती होऊन नदीत जायला निर्बंध, तो छतावर चढून बसलाय, आणि तिथून भिंतीवर असा तिरका उजेड सोडतो की भिंतीला लपायला जागा उरत नाही.

तिरक्या उजेडाचं महत्त्व कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या देवळात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, मंडपामागून मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात देवीच्या चरणांपासून चढत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. वाटेत उभ्या राहिलेल्या इमारती, धूळ, ढग यांच्या अडथळ्यांची चर्चा दरवर्षी पेपरात होते, पण कारागिरांच्या मापाला कुणी बोट लावत नाही. शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी मावळत्या सूर्याला दगडांच्या रांगेतून नेमक्या जागी नेऊन पोचवलं. आणि त्याच गावात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींच्या लांबीत चार बोटांचा फरक.

किरणोत्सव आमच्याकडंही होतो, पण रोज. संध्याकाळी साडेपाचला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येतं आणि हॉलच्या मोठ्या भिंतीला घासून जातं. त्या वेळी भिंतीवर जे दिसतं ते सह्याद्रीच्या नकाशात छापावं. आधी पोट उजळतं, मग पाइपाची जुनी चर, मग वडिलांनी ठोकलेली आणि बुजवलेली खुंटी. रंगकामाच्या दिवसांत आम्ही चहाचे कप घेऊन रांगेनं उभे राहून हे दर्शन घ्यायचो. घरात त्यावर दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं पुट्टीचा तिसरा हात मारावा, दुसऱ्याचं म्हणणं पडदा लावावा.

आमचे पेंटर तिसऱ्या पक्षाचे. या गावात पेंटर ही नुसती मजुरी नाही. मेस्त्री आडनावाच्या बाबूरावांना गावानं 'पेंटर' केलं, त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, आणि १९२० च्या 'सैरंध्री' चित्रपटात रंगवलेल्या पडद्यांऐवजी उभे सेट आणले. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीनं इथंच केला. ज्या गावानं बांबू, कापड आणि रंगातून राजवाडे उभे केले, तिथला पेंटर भिंतीकडं भिंत म्हणून बघतच नाही. सेटची भिंत फक्त समोरून भिंत असते, आणि समोर म्हणजे कॅमेरा ठेवतील ती बाजू. आमच्या पेंटरनी खोलीच्या मध्ये उभं राहून मला एवढंच विचारलं, "सर, बघणारा कुठं बसतोय?"

मी सोफा दाखवला. ते सोफ्यावर बसले. पोराला बल्ब धरून भिंतीलगत फिरायला लावलं आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडले: इथं भर, तिथं असू दे, ते कपाटाच्या मागं जातंय, तिथं कशाला जीव काढतोस. दोन तासांत त्यांनी सोफ्यावरून दिसणारी सगळी भिंत सपाट केली. दारातून बघितलं तर ती तशी दिसत नाही, हे मी त्यांच्या कानावर घातलं. "दारात कोण उभं ऱ्हातंय? आत या, बसा म्हणायचं." पाहुणचाराचा याहून पक्का पाया मी ऐकलेला नाही.

या सगळ्या व्यवहारात शहाणपणानं वागलेली इमारत कोल्हापुरात कुठली असेल तर नवा राजवाडा. मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं आखलेला, १८८४ मध्ये पुरा झालेला, अंगावर सगळा काळा घडीव दगड. बाहेरून त्याला ना पुट्टी, ना प्रायमर, ना एजन्सीचं शेडकार्ड. सव्वाशे वर्षांहून जास्त पावसाळे झेलून तो तसाच आहे. पण संस्थान नसताना काळ्या दगडाचा विचार करणं बरं नव्हे, असं घरच्यांचं मत पडलं, आणि शेडकार्डातल्या चौदाशे रंगांतून शेवटी आधी होता तोच निवडला गेला.

रंग पुरा झाला. पोट सोफ्यावरून दिसेनासं झालं, ऊन आलं की पडदा ओढायचा यावर तह झाला. आणि दुसऱ्याच आठवड्यात टीव्हीचं युनिट करायला सुतार आले. त्यांनी भिंतीवर लेव्हलची पट्टी टेकवली, बुडबुडा पळून एका कोपऱ्यात जाऊन बसला. सुतारांनी जीभ चावली.

"भिंत सरळ न्हाई काका. असं करू, खालपासनं वरपर्यंत पॅनेल मारू. लाकडासारखं दिसतंय, पट्ट्यापट्ट्याचं. आत भिंत कशी का असंना."

म्हणजे दोन हात पुट्टी, प्रायमर आणि दोन हात रंग यांच्यावर आता प्लॅस्टिकचं अस्तर. भाच्याला फोटो पाठवला, त्यानं नुसता अंगठा पाठवला. पॅनेल बसलं, सरळ बसलं, दोरी लावल्यासारखं. पण भिंत आपल्या जागी आपल्या वळणानं उभी असल्यामुळं वरच्या कोपऱ्यात दोघांच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट राहिली. सुतारांनी ती बघितली, गॅलरीत बादल्या आवरायला आलेल्या पेंटरकडं बघितलं, आणि हाक मारली.

"काय भावा, पुट्टी उरलीया का मूठभर?"